एकुलती एक प्रत

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील आठवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत, आणि आजीने शाळा पाहिली ती लांबूनच, शेळ्या राखता राखता. त्यामुळे वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर वाचली तेव्हा एखाद्या भारदस्त विषयावर लिहावे असेच आधी मनात आले. परंतु गेल्या वर्षभरात ज्या एका गोष्टीने मला खरोखर विचार करायला लावला, ती मुळीच भारदस्त नाही. ती म्हणजे तळहातावर मावणारी एक काळी डबी. तिला हार्ड डिस्क म्हणतात. ती बिघडली, तिच्यातले फोटो आत अडकले, आणि ते बाहेर काढण्याच्या धडपडीत मला जे समजले ते आपणा सर्वांच्या कानावर घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

‘कला शाखेच्या मुलीने यंत्राच्या भानगडीत कशाला पडावे?’ असे माझ्या एका मैत्रिणीने मला विचारलेच. माझे मत नेमके उलट आहे. माणसांची आठवण सांभाळणे हे आपल्याच शाखेचे काम आहे. इतिहास काय, साहित्य काय, समाजशास्त्र काय, कोणीतरी काहीतरी जपून ठेवले म्हणूनच हे विषय उभे आहेत. आज जपण्याचे साधन बदलले आहे. ते साधन बिघडले तर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी भागातले. गावच्या एस. टी. स्टँडसमोर आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली. मागे निळा पडदा, पुढे एक स्टूल, कोपऱ्यात संगणक आणि झेरॉक्सचे यंत्र. एरवी पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन यांवर दुकान चालते. लग्नसराईत लग्नाच्या ऑर्डरी असतात. २०१३ पासूनची सगळी लग्ने, साखरपुडे, बारशी, जत्रा, शाळेचे निरोप समारंभ त्या एका काळ्या डबीत होते.

शहरातल्या वाचकांना कदाचित कल्पना येणार नाही, पण आमच्याकडे पुष्कळ माणसांचा आयुष्यातला एकमेव धड फोटो दुसऱ्याच्या लग्नातला असतो. माणूस गेला की घरचे स्टुडिओत येतात. ‘आण्णा, अमक्याच्या लग्नात आमचा म्हातारा मांडवात उभा होता बघा,’ असे सांगतात. मग आण्णा तो फोटो शोधतात, गर्दीतून तेवढा चेहरा कापून घेतात, मागची माणसे पुसतात, कधी अंगात संगणकातला तयार कोट घालतात आणि हार घालण्यासाठी फोटो तयार करून देतात. म्हणजे ती डबी नुसती दुकानाची नव्हती. गावातल्या जित्या आणि मेल्या माणसांचे ते दप्तर होते. दप्तरदाराला मात्र याची जाणीव नव्हती, आणि आम्हालाही नव्हती.

२०२४ च्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर आमच्या वस्तीवरच्या एक काकी स्टुडिओत आल्या. त्यांचे यजमान २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्या वेळी घाईत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. तो इतका अंधुक की नातवंडे त्याला ओळखत नाहीत. डिसेंबरात धाकट्या मुलीचे लग्न होते. मांडवात बापाचा चांगला फोटो असावा एवढीच काकींची इच्छा. २०१९ साली पुतण्याच्या लग्नात ते फेटा बांधून मागच्या रांगेत उभे होते, हे त्यांना पक्के आठवत होते.

आण्णांनी डिस्क लावली. फोल्डर दिसले, पण उघडेना. मधूनच यंत्र अडखळल्यासारखा आवाज येई. ही डिस्क महिन्यापूर्वी टेबलावरून पडली होती. तेव्हा काही झाले नाही म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. आता आण्णांनी वायर काढून पुन्हा लावली, पंधरा-वीस वेळा लावली, हातावर आपटून पाहिली. संगणकाने ‘ही डिस्क दुरुस्त करू का?’ असे विचारले, त्यांनी ‘हो’ म्हटले. रात्रभर दुरुस्ती चालली आणि सकाळी तीन वर्षांची फोल्डरे दिसेनाशी झाली. तालुक्याच्या एका दुकानदाराने सांगितले, ‘फॉरमॅट मारू, मग सॉफ्टवेअरने बाहेर काढू.’ जिल्ह्याच्या ठिकाणी एकाने तीस हजार रुपये सांगितले आणि वर ‘खात्री देत नाही’ असेही सांगितले. आण्णा गप्प घरी आले. काकींना ‘यंत्र बिघडलंय, दोन दिवसांनी या’ असे सांगताना त्यांची मान खाली होती. माझ्या वडिलांना मी कर्जापुढे मान खाली घालताना पाहिले आहे, पण ती मान वेगळी होती.

सुट्टी संपून मी परत येताना डिस्क रुमालात गुंडाळून पिशवीत घातली. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील सहायक सरांना भीतभीतच विचारले. त्यांनी डिस्क हातात घेतली, पण संगणकाला लावली नाही. आधी म्हणाले, ‘हिच्या बाबतीत आतापर्यंत काय काय केलं ते सगळं सांग.’ मी सांगितले. त्यावर त्यांनी मला तीन नियम सांगितले. एक, बिघडलेली डिस्क उगाच लावायची नाही; तिचे उरलेले आयुष्य मोजके आहे असे समजायचे. दोन, तिच्यावर एक अक्षरही नवे लिहायचे नाही. तीन, जे काही प्रयोग करायचे ते तिच्या नकलेवर करायचे, तिच्यावर नाही. या तीन वाक्यांत सगळे शास्त्र आहे असे आज मला वाटते. आम्ही नेमके तिन्ही नियम मोडून बसलो होतो.

हे नियम का, ते समजायला डिस्कच्या आत काय असते ते थोडे जाणून घ्यावे लागेल. आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. आमच्यासारख्या लहान डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० वेळा फिरतात. चकतीवर एक बारीक हेड फिरत असते आणि चुंबकीय खुणा वाचत असते. ते चकतीला टेकत नाही. माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर ते तरंगते. डिस्क पडली, हेड चकतीला घासले, की तिथला पृष्ठभाग खराब होतो. चकतीवरची जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर डिस्क स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. आपण बाहेरून ‘अडकले’ म्हणतो तेव्हा आत हेड त्याच जखमेवरून परत परत जात असते. अशा वेळी वायर काढून पुन्हा लावणे म्हणजे लंगडणाऱ्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे.

आपोआप होणारी ‘दुरुस्ती’ही घातकच. ती दुरुस्ती फोटोंची नसते, फोल्डरांच्या अनुक्रमणिकेची असते. अनुक्रमणिकेचे पान नीट वाचता आले नाही तर यंत्र ते खोडून नवे लिहिते, आणि तेही आजारी डिस्कवरच. निरोगी डिस्कला तिचा उपयोग असेल. आजारी डिस्कची आधी नक्कल, मग दुरुस्ती, हाच क्रम हवा.

येथे एक दिलासा देणारी गोष्टही सांगितली पाहिजे. चकतीच्या डिस्कवरून एखादी फाइल पुसली तर ती लगेच नाहीशी होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पाने राहतात, तसेच ते असते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती परत मिळू शकते. म्हणूनच चुकून काही पुसले गेले तर त्या डिस्कवर काम करणे ताबडतोब थांबवावे, आणि परत मिळवलेली फाइल त्याच डिस्कवर ठेवू नये. हल्लीच्या एसएसडी प्रकारच्या, चकती नसलेल्या डिस्कची गोष्ट मात्र निराळी आहे. पुसलेली जागा ती बहुतेक वेळा स्वतःच साफ करून टाकते. तिथे ही सवलत फारशी मिळत नाही.

आण्णांनी सोसायटीकडून उसने घेऊन जवळजवळ सहा हजारांची दुप्पट मोठी नवी डिस्क आणली. सरांनी विभागप्रमुखांची परवानगी घेतली आणि एका जुन्या संगणकावर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. नक्कल करण्यासाठी त्यांनी ‘डीडीरेस्क्यू’ नावाची प्रणाली वापरली. ती जीएनयू प्रकल्पातली आहे, मोफत आहे, आणि तिची युक्ती एखाद्या शहाण्या शेतकऱ्याला शोभेल अशी आहे. काढणीच्या वेळी पावसाची भीती असली की आपण काय करतो? जिथे पीक उभे आहे तिथले आधी काढून घेतो. लोळलेल्या पिकाकडे मागून वळतो. डीडीरेस्क्यू तेच करते. जे सहज वाचता येते ते आधी नव्या डिस्कवर उतरवते, अडले तिथे अडून न बसता पुढे जाते, आणि काय राहिले याची नोंद एका वहीत ठेवते. वीज गेली, यंत्र बंद पडले, तरी त्या नोंदीवरून पुढचे काम चालू होते. शेवटी ती राहिलेल्या जागांकडे थोड्या थोड्या प्रयत्नाने परत वळते.

पहिल्या रात्रीत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उतरला. उरलेल्यासाठी सहा दिवस लागले. अखेरीस ६० मेगाबाइटच्या आसपास वाचता आले नाही. एक टेराबाइटच्या मानाने ही कणगीतली मूठदेखील नव्हे. मी आनंदाने आण्णांना फोन केला. पण टक्केवारीने माणूस फसतो हे पुढे समजले. ती मूठ एका जागची नव्हती, सगळ्या डिस्कभर विखुरलेली होती, आणि तिने दोनशेच्या वर फोटोंना चावा घेतला होता.

दिसेनाशा झालेल्या तीन वर्षांच्या फोल्डरांसाठी ‘फोटोरेक’ नावाची दुसरी मोफत प्रणाली नकलेवर चालवली. ती अनुक्रमणिका पाहतच नाही. जेपीईजी फोटोच्या सुरुवातीचे बाइट ठरलेले असतात. ती सारी डिस्क धुंडाळून तशी सुरुवात शोधते आणि तिथून फोटो उचलते. फोटो येतात, नावे येत नाहीत. लग्नांच्या नावांची फोल्डरे जाऊन त्यांच्या जागी आकड्यांची हजारो फोटोंची रास आली. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली तारीख शाबूत होती, तिच्यावरून दिवस लागले. पण एकाच दिवशी तीन लग्ने असलेल्या तिथीला काय करायचे? तेव्हा आई आणि आजी संगणकासमोर बसल्या. ‘ही वरवटाच्या मळ्यातली थोरली सून, हे तिचं माहेर,’ असे करत चष्मा सावरून आजीने आठ दिवसांत लग्ने वेगळी केली. जिला स्वतःची सही करता येत नाही तिच्यावाचून ते काम अडले असते. यंत्र फोटो परत देते, नाव माणसालाच द्यावे लागते.

काकींचा फोटो सापडला. मागच्या रांगेत यजमान उभे होते, फेट्यासह. परंतु तो त्या दोनशेंपैकीच एक निघाला. असा फोटो संगणक वरून खाली उलगडत जातो. मध्येच एखादा सेक्टर हरवला की तिथून खाली सगळे करडे दिसते. चेहरा पूर्ण होता. हनुवटीखाली चार बोटे मान, सदऱ्याची कॉलर, आणि पुढे करडा रंग. आण्णांनी सवयीने त्यावर कोट बसवला आणि काकींना दाखवला. काकी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘कोट नगं आण्णा. त्यांनी जन्मात कोट घातला न्हाई. त्वांड आलंय न्हवं? हाय तेवढंच ऱ्हाऊ द्या.’ कॉलरपाशी कापलेला तो छोटा फोटो डिसेंबरात मांडवात होता. आजकाल संगणकाला सांगितले की हरवलेला भाग तो आपल्या मनाने रंगवून देतो. परंतु परत मिळवणे आणि नवे बनवणे यांत फरक आहे, आणि तो फरक काकींना कोणी शिकवावा लागला नाही.

आता माझे म्हणणे मांडते.

हा सारा प्रकार ऐकून पुष्कळांनी आण्णांना दोष दिला. ‘बॅकअप ठेवायला नको होता का?’ असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी कोणतीच वस्तू दोन नसते, त्याला दुसरी प्रत सुचणार कशी? आमच्याकडे सायकल एक, बैलजोडी एक, चांगली साडी एक. सहा हजारांची दुसरी डिस्क घेऊन तिचा वापर न करता ती कपाटात ठेवायची, ही कल्पना पगारदार घरात पटकन पटते. आमच्या घरात ती उधळपट्टी वाटते. ‘सगळे इंटरनेटवर ठेवा’ असेही सुचवले गेले. आण्णांच्या डिस्कवर ७०० जीबी भरलेले होते. गूगलच्या खात्यावर फुकट मिळते १५ जीबी. आणि दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर ७०० जीबी वर चढवायचे म्हटले तर सव्वा वर्षाहून अधिक काळ लागेल, तोही दुसरे काहीही न करता. सल्ला देणाऱ्याने आधी एवढा हिशेब करावा.

मग दोष कोणाचा? माझ्या मते दोष अज्ञानाचा आहे, आणि अज्ञान दूर करणे ज्यांचे काम त्यांचा आहे. म्हणजे आपलाही आहे. आण्णांना नुकसान झाले ते डिस्क पडली त्या दिवशी थोडे, आणि नंतरच्या आठ दिवसांत जास्त. ‘थांबा, हात लावू नका’ एवढे सांगणारे कोणी भेटले असते तरी ती तीन वर्षे नावांसकट वाचली असती. हे ज्ञान महाग नाही, गुप्त नाही. परंतु ते बहुतांशी इंग्रजीत आहे, आणि ज्याला ते मिळत नाही त्याच्या वाट्याला एक तर फॉरमॅट मारणारा येतो, नाही तर तीस हजार सांगणारा. तीस हजार सांगणारा लबाडच असतो असे मी म्हणत नाही. डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल तर हेडच मोडलेले असण्याचा संभव असतो. तिथे कोणतीही प्रणाली चालवू नये, धूळविरहित खोलीत ती उघडणाऱ्या जाणकाराकडेच जावे, आणि त्याचे मोल असणारच. घरी ती उघडणे किंवा कोणी सुचवते तशी फ्रिजमध्ये ठेवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. आत दव धरते आणि उरलेली आशाही जाते. मुद्दा एवढाच, की कोणत्या दुखण्याला कोणता वैद्य हे कळण्याइतपत शहाणपण प्रत्येकाजवळ हवे.

प्रत एकच ठेवण्याची चूक केवळ गरिबांची नाही. १९९८ साली अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना चुकीच्या एका आज्ञेने त्याचा बराचसा भाग संगणकावरून पुसला गेला. राखीव प्रत होती. पण ती नीट काम करत नव्हती हे त्या दिवशी कळले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. लहान बाळामुळे त्या घरून काम करत होत्या, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. यावरून दोन गोष्टी दिसतात. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. आणि एक प्रत तरी वेगळ्या छपराखाली हवी. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने हेच सूत्र लोकप्रिय केले आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी.

हे शिकायला अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि ती तेरा दिवसांनी तरली असे परंपरा सांगते. भाविकांचा भाव मला मान्य आहे. पण अभंग लोकांना पाठ होते, संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी ते लिहून ठेवले होते, हेही खरे आहे. जे अनेकांच्या ओठी आणि अनेकांच्या वहीत असते ते एका डोहात बुडत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतले कागद जमवत फिरले, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध करून त्यांनी त्या एकुलत्या कागदांच्या शेकडो प्रती केल्या. वाळवीने कडा खाल्लेला मोडी कागद दोनशे वर्षांनी निम्मा तरी वाचता येतो. आण्णांची डिस्क अकरा वर्षेही टिकली नाही. उद्याचा राजवाडे आमच्या गावी आला तर त्याला माळ्यावर काय सापडेल? बंद पडलेल्या काळ्या डब्या?

म्हणून महाविद्यालयाकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्रथम वर्षाच्या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना या विषयाचा दोन तासांचा पाठ मराठीतून द्यावा. पुसलेले कसे मिळते, बिघडलेल्या डिस्कशी कसे वागावे, प्रत कशी ठेवावी, एवढेच. दुसरी, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक जुना संगणक आणि दोन मोठ्या डिस्क ठेवाव्यात, आणि आठवड्यातून एक दिवस परिसरातील कोणालाही तिथे नक्कल करून घेता यावी. स्नेहसंमेलनाच्या ध्वनिक्षेपकाच्या खर्चात हे बसेल. तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्याचे फोटो चाळायचे नाहीत, हा नियम मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा. तिसरी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबरच गावातल्या जुन्या फोटोंच्या आणि कागदांच्या प्रती करून देण्याचे काम घ्यावे.

आमच्यासारख्या घरांतून आलेल्या मुलामुलींना मात्र मला थोडे वेगळे सांगायचे आहे. आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव कोणत्या बखरीत नाही, कोणत्या दप्तरात नाही. मोठ्यांच्या वाड्यांत तैलचित्रे आहेत. आपल्याकडे मागच्या रांगेतला एखादा चेहरा आहे, तोही दुसऱ्याच्या लग्नातला. आपला इतिहास आत्ता कुठे नोंदला जाऊ लागला आहे, आणि तो एकाच मोबाइलमध्ये किंवा एकाच डिस्कमध्ये आहे. तो गेला तर परत शोधायला दुसरी जागा नाही. घरात शिकलेले पहिले माणूस आपण आहोत. अर्ज भरणे, पत्र वाचून दाखवणे ही कामे आपल्याकडे आपोआप येतात. त्यांत हे एक काम आपण होऊन घालून घ्यावे.

आण्णांच्या फोटोंच्या आता दोन प्रती आहेत. एक स्टुडिओत, दुसरी मामाच्या गावी मामीच्या कपाटात. सोसायटीचे पैसे फिटले की तिसरीही घेऊ. दर तीन महिन्यांनी मी दोन्ही उघडून पाहते. जुनी डिस्क फेकली नाही. ती ड्रॉवरमध्ये आहे, पण तिला आता कोणी वायर लावत नाही. आण्णांनी दुकानाच्या भिंतीवर माझ्या हस्ताक्षरातला एक कागद चिकटवला आहे. त्यावर सरांचे तीन नियम आहेत. तो वाचून परवा शेजारच्या गावचा एक फोटोग्राफर आपली अडखळणारी डिस्क घेऊन आला. त्याने ती एकदाही पुन्हा लावून पाहिली नव्हती.

वाचकहो, हा अंक मिटल्यावर एवढेच करा. ज्या एका फोटोवाचून तुमच्या घरच्यांना चैन पडणार नाही, तो कोणता ते ठरवा, आणि त्याची दुसरी प्रत आजच्या आज दुसऱ्या घरी पोहोचती करा.